तक्क्याच्या फेऱ्या

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबून बघतो, मग आरशात स्वतःकडे बघतो आणि मगच फोन करतो.

*

सासऱ्यांनी सिगारेट सोडली त्याला बरेच दिवस झाले. घरात त्याचा अभिमान आहे. आल्यागेल्याला सांगितलं जातं.

*

समोरच्या इमारतीतल्या मावशींशी सासूबाईंचं बोलणं बंद आहे. कारण एक ओली चादर. ती कुणाच्या गॅलरीतून कुणाच्या पापडांवर ठिबकली, याबद्दल दोन मतं आहेत.

*

नवरा एकदा झोपेत म्हणाला, "वजीर वाचवा." बायकोला वाटलं, ऑफिसातलं काहीतरी असेल.

*

नणंदेच्या फोनला घरात रेंज येत नाही. त्याच कंपनीचे बाकी चार फोन घरात व्यवस्थित चालतात.

*

घरातल्या कुत्र्याची, तक्क्याची, नखं कधी कापावी लागली नाहीत. "जातच चांगली," सासूबाई म्हणायच्या.

*

रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिथपर्यंत चढ आहे. वर गेल्यावर बघण्यासारखं काहीही नाही.

*

त्या सकाळी सून आपल्या टेबलाशी बसून एका माणसाला धीर देत होती. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीचं तक्रारींचं काम ती घरून करायची. जेवणघर आणि हॉल यांच्या मधल्या कोपऱ्यात टेबल, भिंतीकडे तोंड, कानावर हेडफोन. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे अडकलेला तो माणूस म्हणत होता की त्याला श्वास घेता येत नाहीये. ती म्हणत होती, "येतोय, बघा, तुम्ही बोलताय म्हणजे श्वास येतोय. शांत राहा. आमचा माणूस निघालाय."

तेवढ्यात तिच्या पायाशी झोपलेला तक्क्या उठायला गेला. पुढचे पाय उठले. मागचे नाही उठले. त्याने मान वळवून मागे पाहिलं, जणू मागचं अर्धं अंग दुसऱ्याच कुणाचं आहे आणि ते अजून का येत नाही हे त्याला कळत नाहीये.

"आमचा माणूस निघालाय," ती पुन्हा म्हणाली. या वेळी ती नक्की कुणाला सांगतेय ते तिलाही कळलं नाही.

तक्क्या म्हणजे लांब पाठीचा, आखूड पायांचा तपकिरी कुत्रा. आणला तेव्हा त्याला काहीतरी रुबाबदार नाव ठेवलं होतं, पण गादीवर आडवा झाला की तो हुबेहूब जुन्या बैठकीवरचा तक्क्या दिसायचा. रुबाबदार नाव दोन दिवसांत गळून पडलं.

*

जनावरांच्या दवाखान्यात तिघं गेली. सून, नवरा, सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी तक्क्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत नेला. एका जागी तो कुंईं करून आखडला.

"रोज किती फिरतो?"

"मी नेतो ना सकाळी," नवरा म्हणाला. "अर्धा तास."

"आणखी कोण नेतं?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचं जंतांचं चित्र फार मन लावून वाचत होती.

"दुपारी मी नेते," सून म्हणाली. "टाकीच्या चढावरून. वरपर्यंत."

"आणखी?"

"बस, एवढंच," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तक्क्याचा पंजा उलटा केला. तळव्याच्या गाद्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या, नखं बोथट. "मग उरलेल्या वेळात हा टपाल वाटतो का?"

सासूबाईंनी पुन्हा जंतांकडे पाहिलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून कळत होतं की हे भाषण त्यांनी याच खोलीत पुष्कळ वेळा केलंय. "लोकांना वाटतं कुत्रा म्हणजे कुत्रा. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा असेल तर त्याला दोन तास पळवा, तरी घरी येऊन तो तुमच्या खुर्च्या राखायला लागेल. कमी फिरवलात तर सोफा फाडेल. हा तसा नाही. दोन टेकूंवर लांब फळी टाकली तर ती कुठे वाकते? मधेच ना? ही तशी पाठ आहे. याला दिवसभरात मिळून अर्धा-पाऊण तास पुरे, तोही सपाटीवर, आणि मधे थांबावंसं वाटलं तर थांबू द्यायचं. वय झालं की त्याहून कमी. तुम्ही काय केलंय कुणास ठाऊक. आता महिनाभर चालणं बंद. उचलून खाली न्यायचा, विधी झाला की उचलून वर. जिना नाही, सोफ्यावर उडी नाही. महिन्याने मी बघेन, आणि बरं असेल तर सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. त्यावर एक फेरी नाही."

मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "चढ तर आता विसराच."

खरं बोलणाऱ्याच्या पदरात हे असं माप पडतं.

*

परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, इतक्या उन्हाचं नको नेऊस."

त्या असं कधीही म्हणाल्या नव्हत्या.

घरी सासरे पेपराआडून म्हणाले, "मुक्या जनावराला चढ चढवायचा म्हणजे काय?" नणंद म्हणाली, "वहिनी, तू जिमच लाव ना. त्या बिचाऱ्याला कशाला?" नवरा काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं नेहमी समजूतदारपणात जमा व्हायचं. संध्याकाळपर्यंत साऱ्या मजल्याला कळलं होतं की सुनेने कुत्र्याची पाठ घालवली. शेजारची बाई वाटी परत करायला आली ती तक्क्याच्या डोक्यावर हात फिरवून सुस्कारा टाकून गेली. वाटी द्यायची राहूनच गेली.

आणि म्हणून, "तूच आजारी पाडलंस, आता तूच निस्तर," असं कुणी तोंडाने न म्हणता त्याला उचलून खाली न्यायचं काम तिच्याकडे आलं.

तिला राग आला होता, पण तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. सकाळचा अर्धा तास आणि दुपारचा चढ एवढ्याने नखं झिजत नाहीत. हे तिला दवाखान्यातच कळलं होतं. पण चढाचं पाप तिचंच होतं. तेही कळलं होतं.

*

इथे या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही.

या घरात दाराकडे निघालेल्या माणसाला तीन प्रश्न विचारले जायचे. कुठे? किती वेळ? आणि येताना काय आणशील? विचारायच्या सासूबाई, पण त्या दाराजवळ नसल्या तर जो कुणी असेल तो विचारायचा. वाईट हेतूने नाही. जसं शिंकल्यावर आपण काहीतरी म्हणतो तसं. "कुठे?"ला उत्तर म्हणून जागेचं नाव लागायचं. नुसतं "बाहेर" म्हटलं की "बाहेर म्हणजे?" यायचं. "सहज" म्हटलं की सगळं घर चिंतेत पडायचं. बरं वाटत नाहीये का? कुणाचा फोन आला होता का? आणि सहजच जातोयस तर साबण संपलाय.

फक्त तक्क्याचा पट्टा हातात असला की कुणी काही विचारत नसे. कुत्र्याला न्यायचं म्हणजे न्यायचं. कुठे, ते कुत्रा ठरवतो. किती वेळ, तेही तोच. आणि एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पिशवी, मग साबण कोण आणणार?

घरातल्या पाचही जणांना ही फट सापडली होती. प्रत्येकाला वाटत होतं, ती आपल्या एकट्यालाच सापडली आहे.

*

हे सुनेला कसं कळलं? तक्क्याला काखेत घेऊन ती रोज कोपऱ्यापर्यंत जायला लागली, त्यातून.

पहिल्यांदा टायरवाला. पंक्चर काढता काढता मान वर करून म्हणाला, "हा आजोबांचाच ना? आजोबा बरे आहेत ना हो? त्यांचं पाकीट पडून आहे माझ्याकडे. सर्दून जाईल."

"कसलं पाकीट?"

टायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग पंक्चरकडे. "काही नाही. देईन त्यांनाच."

तक्क्या तिच्या काखेतून टायरवाल्याच्या हाताकडे मान लांबवून शेपटी हलवत होता. जुनी ओळख असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बँकेपाशी वॉचमन उभा राहिला. "साहेबांना सांगा, पट तसाच ठेवलाय. त्यांची चाल आहे. आणि वजीर जाणार आहे त्यांचा, हेही सांगा, उगाच आशेवर नको." तक्क्याने वॉचमनचा बूट चाटला.

मग समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून मावशींचा आवाज. "अगं ए, सासूला म्हणावं, रुसलीस का पुन्हा? आम्ही तिघीच बसतोय. तिघींत कसला पत्त्यांचा डाव?" आणि खाली वाकून, मायेने, "तक्कू, ये की वर. तुझी वाटी आहे इथे."

चादरीवरून बोलणं बंद होतं म्हणे. इथे कुत्र्याची वेगळी वाटी होती.

शेवटी शाळेच्या भिंतीपाशी एक मोटारसायकल थांबली. हेल्मेटमधून आवाज आला, "तक्क्याऽ." हेल्मेटने सुनेकडे पाहिलं, गोंधळलं आणि गाडी चालू करून निघून गेलं. नणंदेच्या फोनला रेंज का येत नाही ते त्या धुरात स्वच्छ दिसलं.

ती तिथेच भिंतीला टेकली. काखेतलं जनावर ऊबदार आणि जड होतं. पहाटे टायरवाला, त्यानंतर वॉचमन, दुपारी तिचा चढ, चारला मावशींचा पत्त्यांचा अड्डा, अंधार पडताना शाळेची भिंत. मधल्या वेळात बिचारा दमून पडला की घरातलं कुणीतरी येऊन म्हणायचं, "फार सुस्तावलाय, फिरवायला हवं." आणि हा पट्ट्याची कडी वाजली की उठायचा. नाही कसं म्हणतात ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवून तरी काय, तिलाही कुठे येत होतं.

*

दरम्यान घर.

महिनाभर कुणाला फट उरली नव्हती, त्यामुळे सगळी घरात होती. सासरे गॅलरीत उभे राहून लवंग चघळायचे आणि खाली टायरच्या दुकानाकडे बघत राहायचे. सासूबाई पत्ते एकट्याने मांडायच्या आणि कुणी आलं की पदराखाली झाकायच्या. नणंद न्हाणीघरात नळ सोडून फोनवर बोलायची. महिन्याचं पाणी चार दिवसांत गेलं असेल. नवरा हॉलच्या फरशांवरून तिरका चालायचा, काळ्यावरून काळ्यावर, उंटासारखा.

सून त्यांच्याकडे पाठ करून हेडफोनमध्ये म्हणायची, "घाबरू नका. दार हाताने उघडायचा प्रयत्न करू नका."

*

तिने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. शांतपणे काढायचं ठरवलं होतं.

"बाबा, टायरवाला म्हणाला पाकीट सर्दतंय. आई, मावशींना चौथा गडी मिळत नाहीये. अहो, तुमचा वजीर जाणार आहे. आणि हेल्मेटवाल्याने तक्क्याला हाक मारली, मला नाही."

भाजीत चमचे थांबले.

"तुम्ही पाच फेऱ्या मारायला लावल्यात त्याला. सगळ्यांनी मिळून. आणि वीस दिवस मी ऐकतेय की मी पाठ घालवली."

"पाच नाही, चार," नवरा म्हणाला. "पाचवी तुझी."

"हो, पाचवी माझी. मी ती दवाखान्यात सांगितली. तुमचा अर्धा तास सोडला तर बाकी कुणी काय सांगितलं?"

सासरे खाकरले. "दिवसाला एकच ओढतो. एक म्हणजे काही ओढणं नाही."

"एक?" सासूबाई म्हणाल्या. "पाकीट ठेवलंय टायरवाल्याकडे आणि म्हणे एक. एकासाठी कुणी पाकीट ठेवतं?"

"तू बोलूच नकोस. त्या पापडांवरून तीन वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि तिथेच जाऊन डाव मांडतेस."

"डाव मांडते म्हणजे काय, जिंकते."

नणंदेला हसू फुटलं. त्यावर सासूबाईंना फुटलं. नवरा म्हणाला, "आई, वॉचमन तुझ्यापेक्षा लबाड आहे, तू एकदा खेळून बघ त्याच्याशी." सासरे ठसका लागेपर्यंत हसले. हेल्मेटवाला काय करतो, घरी कोण कोण असतं, याची चौकशी सुरू झाली. नणंद लाजली आणि उत्तरंही द्यायला लागली. बघता बघता चौघांनी एकमेकांना माफ करून टाकलं. चौघांची चोरी उघडी पडली होती आणि चौघं पिकनिकला आल्यासारखी बसली होती.

सून ताटाकडे बघत बसली. तिच्याकडे माफ करून घेण्यासारखं काहीच नव्हतं.

"बरं, मग आता डॉक्टरीणबाईंनी दोनच फेऱ्या सांगितल्यात," नवरा म्हणाला. तो अशा वेळी चांगला होता, वाटण्या करायला. "सकाळची बाबा. त्यांच्या गुडघ्यांना चालणं हवंच आहे. टायरवाल्याकडे नाही जायचं पण, बाबा."

"बघू."

"संध्याकाळची आई. मावशींकडे वाटी आहेच त्याची. मी ऑफिसातून परस्पर बँकेवरून येईन. आणि हिचं," बहिणीकडे बघून, "ते हेल्मेट काढून घरीच येऊ दे एकदा."

"आणि मी?" सून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. प्रामाणिकपणे, मदत करायच्या तयारीने.

"तुला कुठे जायचं असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही."

"टाकीपाशी कुणी असतं का?"

"नाही."

"मग काय करतेस तिथे?"

"काही नाही. वर जाते, खाली येते."

"मग तुझं अडतंय कुठे?" सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच तर फार लागलं. टोमणा असता तर परत करता आला असता.

तिच्या डोक्यात काहीतरी चढत गेलं, कानांपर्यंत. ज्याला व्यसन त्याला फेरी. जिचा डाव तिला फेरी. ज्याचं लफडं, त्याला घरी चहाचं आमंत्रण. आणि जिला नुसतं अर्धा तास कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाच्या अडकलेल्या लिफ्टची बाई नसायचं होतं, तिने आधी कारण आणून दाखवायचं. दुकानात जाऊन एखादं छोटंसं पाप विकत मिळतं का बघावं लागणार, असं तिला वाटलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "फेऱ्या तुम्ही वाटून घेतल्यात ना, मग उचलणंही वाटून घ्या. अजून दहा दिवस त्याला कडेवर न्यायचंय. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपायच्या आधी. फिरवायला चार वाटेकरी आणि उचलायला मी एकटी, हे उद्यापासून नाही. बाबांनी उचलू नये, पाठ त्यांचीही लांब आहे. बाकी तिघं आहेत."

"अगं, चिडतेस काय एवढी?" नवरा म्हणाला.

"चिडलेय म्हणून."

ती ताट घेऊन उठली. मागे सासूबाई हळूच म्हणाल्या, "दमलीय बिचारी, घरात बसून बसून." तिला ते ऐकू आलं. ताट बेसिनमध्ये जरा जोरात पडलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सुट्टीचं बटण दाबलं, हेडफोन काढला आणि चपला घातल्या.

"कुठे?" सासूबाई.

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठेच नाही, आई. अर्ध्या तासाने येईन."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय."

"मग जातेच आहेस तर येताना ब्रेड…"

"येताना काहीही आणणार नाहीये."

सासऱ्यांचा पेपर खाली आला. सासूबाई दाराच्या आणि तिच्या मधे नव्हत्या, पण असल्यासारख्या उभ्या होत्या. "लोक विचारतील, ही एकटीच रस्त्याने कशाला फिरते. कुत्राही नाही बरोबर."

"विचारू देत. त्यांनाही हेच सांगेन."

तक्क्याने गादीवरून मान उचलली. ती त्याच्याजवळ वाकली, कानामागे खाजवलं, "तू झोप रे" म्हणाली आणि दार ओढून घेतलं. लिफ्ट चालू होती. ती जिन्याने उतरली.

रस्त्यावर आल्यावर हातांचं काय करायचं ते तिला कळेना. ते बाजूला लोंबत राहिले, कुणाचेतरी सांभाळायला दिल्यासारखे. टायरवाल्याने पाहिलं. वॉचमनने पाहिलं. मावशींनी गॅलरीतून "तक्कू कुठेय?" विचारलं. ती म्हणाली, "झोपलाय," आणि थांबली नाही. राग उतरला नव्हता. चढाला तो उपयोगी पडला.

अर्ध्या चढावर तिचे पाय आपोआप थांबले. तक्क्या रोज इथेच थांबायचा. तिला वाटायचं, गवत हुंगतोय. ती पट्टा हलकेच ओढायची आणि तो निघायचा. गवत तिथे नव्हतंच. नुसतं काँक्रीट होतं. ती त्याच्या जागी उभी राहिली, तो एखादा श्वास घेऊ शकला असता तेवढा वेळ, त्याहून बराच जास्त. मग वर गेली, टाकीला हात लावला, खाली आली.

दार सासूबाईंनी उघडलं. "झालं?"

"आजचं झालं," ती म्हणाली. "उद्या याच वेळेला."

टेबलाशी बसून तिने हेडफोन लावला. मागे हॉलमध्ये नणंद तक्क्याला कडेवर कसं धरायचं ते आईला विचारत होती आणि आई म्हणत होती, "पोटाखालून धर, पोटाखालून, पाठ सरळ ठेव त्याची. पिशवी आहे का ती?"

तक्क्याला त्या घरात आणलं होतं ते सुनेला दिवसभर घरात करमावं म्हणून.